परवानगीशिवाय

वीस वर्षं लागतात.
वीस वर्षं दुसऱ्याच्या शेतातून
कुणी उघड उघड चालत राहिलं
तर वेल्समधला कायदा म्हणतो, वहिवाट झाली.
अटी तीनच:
दांडगाई नको, चोरटेपणा नको,
आणि मालकाची परवानगी नको.
पहिल्या दोन सगळ्यांना लगेच पटतात.
तिसरी मी दरवेळी दोनदा वाचून दाखवतो.

एलिनेद प्रिदेर्ख, वय एक्याऐंशी,
चहात बिस्किट बुडवता बुडवता थांबल्या.
"म्हणजे इदवाल भला निघाला, तर मी हरले?"
तसंच काहीसं, मी म्हणालो
आणि पेनाचं टोपण काढलं.

वाट म्हणजे तरी काय,
त्यांच्या मागच्या दारापासून चॅपलच्या रस्त्यापर्यंत
इदवालच्या कुरणातून तिरपी चढलेली
एका माणसाच्या रुंदीची, दबल्या गवताची रेघ.
नकाशात नाही. मेंढ्यांना पाठ आहे.
मी टेप धरून मोजली: चारशे बारा मीटर.
मध्ये दगडी गडगा, गडग्यात फाटक,
फाटकाला निळ्या सुतळीचा फास असायचा.
आता कुलूप आहे.
इदवाल मार्चमध्ये वारला. कार्डिफहून पुतण्या आला,
त्याला तिथे पाहुण्यांसाठी लाकडी खोल्या बांधायच्यात.
वाईट माणूस नाही तो.
कुलूपसुद्धा पितळी, चांगल्यातलं आणलंय.

बटाट्यांच्या पट्टीचं सोपं होतं.
ओढ्याकडची ती चिंचोळी जागा, कागदोपत्री इदवालची.
शहाऐंशी साली यांनी तिला तार ठोकली,
बटाटे लावले, कोंबड्या सोडल्या.
"त्याला विचारलं होतं?"
"छे! तेव्हा तो आमच्याशी बोलतच नव्हता.
एका एडक्यावरून."
उत्तम, म्हणत मी लिहिलं:
ताबा अखंड, उघड, मालकाच्या संमतीविना.
बारा वर्षांचा धड अबोला असला
की जमीन आपसूक कूस बदलते.

"आणि वाटेचं? कधी म्हणाला तो, जा म्हणून?"

त्यांनी बशीतला चुरा बोटाने गोळा केला.
बराच वेळ तेवढंच.

मग म्हणाल्या,
एक्याण्णवचा फेब्रुवारी. बर्फ कमरेला.
माझा एम्रिस पेटीत, बाहेरच्या खोलीत तीन दिवस.
रस्ता बंद, गाडी येईना.
चौथ्या सकाळी पडदा सारला
तर कुरणातून काळी पट्टी निघालेली, पार वरपर्यंत.
रात्रभर फावडं मारलं होतं त्याने. एकट्याने.
फाटक उघडं धरून उभा,
टोपी हातात, कान लालबुंद.
आम्ही पेटी घेऊन जवळ आलो तेव्हा म्हणाला,
"या. ही तुमचीच वाट."

माझं पेन कागदावर टेकलेलं,
शाईचा ठिपका मोठा होत गेला.
'या' ही परवानगी.
'तुमचीच' ही कबुली.
चार शब्दांत दोन निकाल,
आणि बोलणारा चॅपलमागे, एम्रिसपासून दोन ओळी सोडून.
समोरचा वकील पहिला शब्द उचलेल,
मी बाकीचे तीन.

"हे सांगायलाच हवं असं नाही," मी म्हणालो.
माझ्या धंद्यात हे वाक्य
किती हळू म्हणायचं, ते मला येतं.
"ऐकलेलं कुणी हयात आहे?"

"मी आहे," त्या म्हणाल्या.
"एवढ्या वर्षांत माणूस एकदाच बोलला माझ्याशी.
तेही खोडू म्हणता? लिहा."

मी लिहिलं. त्यांनी चष्मा पुसून सही केली,
प्रत्येक अक्षर सुटं.
"बटाटे तरी राहतील ना?"
राहतील.

निघताना त्यांनी पिशवीभर हातात ठेवले,
माती लागलेले. मी मागितले नव्हते.
फाटकाला कुलूप होतं,
म्हणून मी रस्त्याने गेलो,
तीन मैलांचा वळसा,
पिशवी या हातातून त्या हातात घेत.