कोपर

युटात, लोगनला, सकाळपासून बर्फ.
एकतीस वर्षं शाळेची बस चालवलेला डेलविन
स्वयंपाकघराच्या टेबलाशी बसून
तळहाताएवढा अल्बम करतोय.

पुठ्ठा कॉर्नफ्लेक्सच्या खोक्याचा.
बियांची रिकामी पाकिटं उलटी चिकटवून खिसे.
व्हर्लीनच्या झग्याची लेस
(ती असती तर कात्रीच हिसकावली असती).

फोटो कापताना हात हलला.
तिचं कोपर राहिलं बाहेर,
एवढंसं, उन्हानं रापलेलं.
टाकवेना.
मग त्यालाच दिलं एक अख्खं पान,
भोवती कागदी फुलं, जरा वाकडीच.

आता अल्बम फुगलाय, मिटत नाही.
रिबन आवळली तरी
फटीतून कोपर डोकावतंच,
जसं बसच्या खिडकीतून
पोरं काढायची,
आणि तो आरशात बघून ओरडायचा,
आत घ्या!

आज नाही ओरडत.