सूचीखालची गल्ली

शाळेच्या जिममध्ये, बास्केटबॉलच्या रिंगखाली
आम्ही नकाशा अंथरला. सहा मीटर बाय चार.
बूट काढून यावे, अशी पाटी लावली होती दारात.
कुणी वाचली नाही.

रिओनीच्या उजव्या काठावरचा कुताइसीचा हा तुकडा
वीस वर्षांनी कसा असावा, ते लोकांनी सांगायचं.
हिरवी टिकली : राहू द्या.
लाल : पाडा.
पिवळी : इथे काहीतरी हवं.
टिकल्यांची पाकिटं माझ्याकडे होती,
आणि एक चेहरा, सगळ्यांचं ऐकून घेणारा.

गोचाने एकाच चौकात सात पिवळ्या ठोकल्या.
सातही एका बाकासाठी. पाठ असलेला बाक.
"डॉमिनो खेळताना कंबर धरते हो."
दोन मुलींनी बंद कारखान्याच्या जागी
समुद्र मागितला.
तिबिलिसीहून आलेले सल्लागार हसले,
त्यांनी फोटो काढला.

मग नानुली आली. हातात बूट.
पायात तपकिरी मोजे, एका अंगठ्याला रफू.
ती पुलावरून गेली नाही, सरळ नदीतूनच चालली,
काठावर चढली, आणि पायानेच गल्ल्या चाचपू लागली :
हे औषधांचं दुकान. हा नळ.
हा ओतारचा गाळा, बंद आहे, पण आहे.
इथून डावीकडे.
डावीकडे एक पांढरी चौकट होती.
तिच्यात लिहिलं होतं : सूची.
निवासी, व्यापारी, हरित पट्टा, प्रस्तावित रस्ता,
प्रत्येकापुढे रंगाचा एक चौकोन.

नानुली थांबली.
"माझी गल्ली ह्याच्याखाली आहे," ती म्हणाली.

सूची तिथे मी ठेवली होती.
स्क्रीनवर तो कोपरा मोकळा वाटला.
कुठेतरी ठेवावीच लागते.

"सरकवता येईल?"
"छापून झालंय, काकू."
"मग मी हिरवी लावू कशावर?"

ह्याचं उत्तर प्रशिक्षणात नव्हतं.
गोचा कुठूनतरी खडू घेऊन आला.
नानुली गुडघ्यांवर बसली, एक गुडघा आधी, मग दुसरा,
आणि 'हरित पट्टा' ह्या शब्दावर
तिने स्वतःचं घर काढलं.
शेजारी त्सियालाचं. मग विहीर, लोखंडी झाकणाची.
मग द्राक्षवेल, तीन अंगणांवरून गेलेली,
मुळं कुणाच्या हद्दीत ते अजून ठरायचंय.
मग आलुबुखाराचं झाड.

"झाड तिथे नाही," मागून त्सियाला म्हणाली.
"तिथेच आहे."
"चार हात अलीकडे. फळं माझ्या पत्र्यावर पडतात."
"पडतात, कारण तू पत्रा पुढे आणलास."
त्सियालाने बूट भिरकावले आणि तीही खाली बसली.
मग तिचा भाऊ. मग ज्यांना त्या गल्लीशी
काही देणंघेणं नव्हतं असे चारजण,
कारण भांडणात त्यांना आपापली झाडं आठवली.
सल्लागारांनी घड्याळ पाहिलं.
समुद्रवाल्या मुलींनी विचारलं, खडू अजून आहेत का?

अकरा घरं निघाली त्या चौकटीखाली.
बारावं होतं की नव्हतं, ह्यावर एकमत झालं नाही.
ते लोक सात वर्षांपूर्वी पोलंडला गेले, कुलूप आहे.
नानुली म्हणाली, कुलूप असलं तरी घरच ते.
त्सियाला म्हणाली, आधी त्यांना विचारा.
ह्या एका बाबतीत, मला वाटतं,
दोघींचंही बरोबर होतं.

रात्री मी नकाशा गुंडाळला.
बाहीवर पांढरी भुकटी, ती अजून निघालेली नाही.
अहवालात रकाना आहे : प्राप्त सूचना, एकूण.
मी दोनशे चौदा लिहिलं.
समुद्र धरून.

आता संगणकावर सूची हलवायला बसलोय.
वरच्या डाव्या कोपऱ्यात बेकरी आहे.
उजवीकडे दफनभूमी; तिथे तर
टिकली लावायलाही कुणी आलं नव्हतं.
नदीवर ठेवावी, तर गोचा तिथे गळ टाकून बसतो.
साहेब दोनदा विचारून गेले, एवढा वेळ कशाला?
मी चौकट उचलतो, नेतो,
ठेवण्याआधी वाकून बघतो.