सत्ताविसावा भाग

अंबू तांडेलची पहिली गाठ पडली ती भाग नऊमध्ये.
आधीचे आठ कुणीतरी नेलेले,
आणि पापाच्या तिकटीमागच्या बोळात, नेजदारांच्या लायब्ररीत,
"हाय ते घे, न्हाईतर वाट सोड" असा नियम होता.
मी उद्यमनगरात लेथवर नवा,
हाताला कूलंटचा वास,
समुद्र कधी बघितलेला नव्हता.
आणि ही बाई पहिल्याच पानावर
बंद पडलेल्या लाँचचं इंजिन
शिव्या घालत सुरू करत होती.

इंजिन मला कळत होतं. तेवढं पुरलं.

मग उलटसुलट. नवानंतर तीन, तीनानंतर सतरा.
सतराव्यात तिच्या डाव्या हाताला चारच बोटं.
पाचवं कुठं गेलं हे कळायला
दोन गुऱ्हाळांचे हंगाम गेले.
(अकराव्यात जातं. कसं, ते सांगत नाही.)

दस्तगीर मुजावर शेजारच्या मशीनवर.
एक पुस्तक, आठ आणे, दोन दिवस :
पहिली रात्र त्याची, दुसरी माझी.
सकाळी तो बोलायचा नाही काही,
फक्त चकमध्ये जॉब आवळताना असा हसायचा
की दिवसभर माझं माप चुकायचं.
"दस्त्या, मेला का रं तो कस्टमवाला?"
"गप. रात्री बघ."

समासात कुणीतरी जांभळ्या पेन्सिलनं लिहिलेलं असे :
हा खोटं बोलतोय.
बघा, मी म्हटलं होतं.
आणि विसाव्याच्या शेवटी, लाँच फुटते तिथं :
आता झोप कशी यायची.
कोण ते, विचारलं नाही कधी नेजदारांना.
रात्री गंगावेशीत दुधाचे पेले घेऊन उभ्या लोकांचे
चेहरे मात्र बघत राहायचो.
ओठांवर फेस,
डोळे कुणाचे जागरणाचे?

घरचे म्हणत, तीच बाई, तीच लाँच,
तेच तेच काय वाचतोस?
अहो, तेच तर पाहिजे होतं.
पांढरा रस्सा दर रविवारी तोच असतो
म्हणून वाटी कोण परत करतं का?

बाविसाव्यात तिला गोळी लागली.
पुस्तक छातीवर उपडं ठेवलं
आणि नेजदारांची फळी डोळ्यांपुढं आणली :
तेवीस, चोवीस, पंचवीस
खाकी कव्हरात उभे, पहाऱ्यावरच्या शिपायांसारखे.
म्हणजे जगते.
मग पुन्हा उघडलं
आणि मनसोक्त घाबरलो.

पुढं मालवणला जाऊन खरा समुद्र बघितला.
बरा होता.
अंबूचा जास्त ओला होता.

ती बत्तिशीचीच राहिली.
मी बत्तीस ओलांडले, बावन्न ओलांडले,
दस्तगीर मिरजेला पोराकडं गेला,
नेजदारांनी एका गुरुवारी शटर ओढलं ते ओढलंच.
सगळे भाग मी पोत्यात भरून आणले,
केएमटीच्या मागच्या सीटवर, मांडीवर घेऊन.
कंडक्टरनं विचारलं, "काय, तांदूळ?"
"व्हय," म्हटलं. "जुना हाय."

सव्वीस वाचलेत, कितीदा ते मोजलं नाही.
सत्ताविसावा नाही.
नेजदार देताना म्हणाले होते, "ह्यो शेवटचा."
म्हणूनच.
दर ईदला फोनवर दस्तगीर विचारतो,
"उघडलास?"
"न्हाई."
"बरं केलंस."
मग दोघंही थोडा वेळ बोलत नाही,
आणि देवगडच्या बाहेर कुठंतरी
लाँचचं इंजिन चालू असतं.

परवा भाची आली सुट्टीला, स्वरांजली, चौदाची.
तिनं भाग पहिला काढला.
पहिला! मग दुसरा, मग तिसरा, रांगेनं,
मला कधी न मिळालेली चैन.
रंकाळ्यावर चल म्हटलं, भेळ घेऊ म्हटलं,
मान वर नाही.
दिवेलागणीला चौथा घेऊन स्वयंपाकघरात आली,
बोट पानात अडकवलेलं.
"मामा, दोरखंडाच्या गाठी काय मारते ही!
दहाच्या दहा बोटं नुसती नाचतात."

मी चहाकडं बघितलं.

"पुढचं सांगू नका हं."

"छे गं," म्हटलं,
"मला तरी कुठं सगळं माहीत आहे."