रकाना चौथा

दस्तगीरचाचांच्या दुकानात मी वही लिहायचे.
सव्वीस वर्षं. अशोक चौकाच्या मागे,
एका अंगाला मागांची खटखट,
दुसऱ्या अंगाला सोड्याची गाडी,
आणि मधे हे, काडतुसांचं, परवान्याचं.
"दारूच्या दुकानात कामाला आहे" म्हटलं
की सासरचे आधी दचकायचे, मग हसायचे.

वहीत सात रकाने.
तारीख, नाव, परवाना, आणि चौथा: प्रकार.
चाचा म्हणायचे, अक्का,
बाकीचे चुकले तर दंड भरू.
हा चुकला तर खांदा द्यायला माणसं बघावी लागतील.

एका माघात मोहोळकडचे बागायतदार आले.
डुकरांनी ऊस लोळवलेला,
आणि आमचा नेहमीचा डबा संपलेला.
त्यांनी पिशवीतून दुसरा काढला.
"पाहुण्यांनी दिलाय. अगदी तसाच.
दाणा तसा, रंग तसा,
तेवढीच भरा की, काय होतंय."

चाचांनी फळीवरच्या जुन्या नमुन्यातली चिमूट घेतली,
त्यांच्या डब्यातली एक.
फरशीवर दोन रेघा ओढल्या, हातभर अंतरावर.
खरंच, सख्ख्या बहिणी.
करड्या, खसखशीहून जरा मोठ्या.
काडी लावली.
एक रेघ उदबत्तीसारखी, विचार करत करत गेली.
दुसरी गेलीच.
आम्ही मान वळवेपर्यंत फरशी काळी.

"शक्ल एक, अक्कल अलग," चाचा म्हणाले.
आणि मग हळू, बहुधा मलाच:
"ही तर उघड्यावरची गोष्ट.
नळीत कोंडल्यावर कोण कसं वागेल
ते फरशी सांगत नाही."

बागायतदार रागावून गेले.
ऊस आणखी दोन रात्री लोळला.
चाचांचं कुणी कौतुक केलं नाही.
न फुटलेल्या नळीला
कोण हार घालतं?

घरी जाताना मला माझे वडील आठवले.
मल्लेशम येमूल, सूत रंगवायचे.
एकदा लाल रंग नवा आला,
कंपनी तीच, डबा तोच, फक्त लॉटचा आकडा वेगळा.
लाल ते लाल, म्हणून आधीच्याच मापानं घातला.
चाळीस चादरी. पहिल्या धुण्याला
मोर पांढऱ्यात वितळले.
मालकानं मजुरी कापली आणि एक चादर दिली.
तीच पांघरून मी मोठी झाले,
गुलाबी पाण्यात पिसारा भिजवत उभा असलेला
तो मोर
अजून ट्रंकेत आहे.

चाचांच्या डाव्या भुवईत एक जागा मोकळी होती.
मी कधी विचारलं नाही.
एकदा चहा ओतता ओतता आपणहून म्हणाले,
"एकोणीसचा होतो.
दोन डबे एकाच फळीवर ठेवले होते."
आणि बशी उचलली.

चाचा गेले. मुबीननं परवाना परत करायचं ठरवलं,
तो पुण्यात एसी दुरुस्त करतो.
आम्ही दोघांनी शेवटची मोजदाद केली.
वरच्या फळीवर एक डबा निघाला,
लेबल कसरीनं खाल्लेलं, अर्धा भरलेला.
झाकण उघडलं. तोच स्पिरिटसारखा वास.
तोच करडा. तोच दाणा.
मुबीन म्हणाला, नेहमीचीच वाटते, नाही का?
वाटत होती, खरंच.

कचेरीतले कारकून वही चाळत थांबले.
"बाई, शेवटच्या ओळीत चौथा रकाना कोरा आहे."
माहीत नाही, म्हटलं.
"असं चालत नाही. जवळचं काहीतरी लिहा.
सारखंच असतं ते."

पंखा फिरत होता. मागे रांग होती,
कुणीतरी घसा खाकरला.
मी त्यांच्याच पेनानं,
सव्वीस वर्षं वळवलेल्या अक्षरात,
रकान्यात मावेना म्हणून थोडं बाहेर जाऊन लिहिलं:
माहीत नाही.

आणि शाई वाळेपर्यंत
वही हातानं दाबून धरली.