ठोकून ऐकव

सिंहगड रोडला, बी विंगच्या पार्किंगमध्ये, सात नंबरात
जिथे माझी मारुती उभी असायची
तिथे चौदा महिने एक होडी पालथी होती.
बारा फूट, मरीन प्लाय, पोट अजून कच्चं.
मारुती बाहेर, चिंचेखाली, कावळ्यांच्या हवाली.

सेक्रेटरी घैसासांनी फळ्यावर लिहिलं :
वाहनाखेरीज अन्य वस्तू ठेवू नये.
मी म्हटलं, नाव हे वाहनच.
ते म्हणाले, मग नंबर प्लेट कुठाय?
आणि जाता जाता, हळूच,
खडकवासल्याला पाणी दिसतं म्हणून कुणी होड्या बांधत नाही हो.

बरोबरच होतं त्यांचं.
या शहरात नदी पुलावरून बघायची, नाकाला रुमाल लावून,
आणि धरण, भजी खाता खाता.
ऑफिसात एकदाच बोललो,
कण्याला सागवान घेऊ की शिवण?
सगळे म्हणाले, फर्निचर करताय का?
सासऱ्यांनी विचारलं, विकणार कितीला?
लोक पाण्यातल्या म्हशीचं मोल करतात,
माझी तर अजून पाण्यात गेलीही नव्हती.

म्हणून जेवणं झाली की
मोबाईल घेऊन खाली यायचो.
कुणीतरी जागं असायचंच.
भिगवणची शेवंता मल्लाव, उजनीच्या फुगवट्यावर जाळी टाकणारी,
ती बोलते तेव्हा मागे बदकं ओरडतात.
("रंग मागनं. आधी तीत बसून बघा, कोरड्यातच."
मी बसलो. वॉचमनने टॉर्च मारला.)
मिरजेचा एक दातांचा डॉक्टर,
ज्याने स्वतः अजून एक फळीही घेतलेली नाही
पण आम्हा सगळ्यांचे खिळे मोजून ठेवलेत.
चेहरे कुणाचेच माहीत नाहीत.
इथे माणूस नावावरून नाही, नावेवरून ओळखतात.
माझ्या नावेला नाव नव्हतं,
म्हणून मी नुसता पुणे.
पुणे, इपॉक्सी सुकलं का?
पुणे, घाई करू नका.

मे महिन्यात पानशेतला नेली.
टेंपोत चढवताना घैसासांनीही हात लावला, काही न बोलता.
अकरा मिनिटं तरंगली.
मग घोट्यापर्यंत पाणी.

रात्री एक वाजता मी लिहिलं : गळते.
घरात हे कुणाला सांगणार?
गळते म्हटलं तर प्लंबर बोलावतील.

अन्वर मुकादमांचा फोन आला. मूळ दाभोळचे.
म्हणाले, ठोकून ऐकव.
मी हातोडीची मूठ घेतली, फोन होडीच्या पोटाला टेकवला,
नाळेपासून मागे, बोट बोट सरकत,
टक. टक. टक. टक.
थांब. मागे ये. अजून थोडा.
इथे.
इथे धरलेलं नाही, पोकळ बोलतेय.

पावणेदोनशे किलोमीटरांवरून एक म्हातारा
माझ्या पार्किंगमधल्या लाकडाचं पोट तपासत होता.
सकाळी उकललं. फट होती, नखाएवढी.

तुमची होडी कोणती, मी नंतर विचारलं, सगळ्यांसमोर.
होती, म्हणाले.
आता लेकीकडे असतो. नालासोपारा, चौथा मजला.
खिडकीतून टाकी दिसते पाण्याची.
त्या रात्री मग कुणी काही लिहिलं नाही.
डॉक्टरसुद्धा गप्प.

गेल्या रविवारी पुन्हा पानशेत.
बावीस मिनिटं झाली, तळ कोरडा.
मी त्यांना फोन लावला, हात लांब करून पाण्याशी धरला.
बाहेर नको, म्हणाले. आत धर. तळाला.

वाकून फोन तळाच्या फळीवर पालथा ठेवला.
वल्ही उचलून घेतली, थेंब मांडीवर पडू दिले.
खालून पाणी ठोकत होतं,
हलकेच, न थांबता, नाळेपासून मागे.

किती वेळ गेला, मोजला नाही.
मग तिकडे कुकरची शिट्टी झाली,
कुणीतरी अब्बा अशी हाक मारली,
आणि ते म्हणाले, हां.

नाव काय ठेवलंस?