चीक

मी नर्स नाही, हे दारातच सांगून टाकते
वास्वाच्या आईला.
ती माझ्या हातात इंजेक्शनची पेटी शोधत असते,
आणि माझ्या हातात असतो अर्धा पाव.
सात वर्षांपूर्वी त्याच वॉर्डात
खिडकीजवळची खाट माझी होती, म्हणते.
ती मला स्टूल देते.
मग स्टूल जरा लांब सरकवते.
असू दे.

किरेकाच्या चढावर खोल्यांची ओळ,
मागे केळी, पुढे बोडाबोडावाल्यांचा अड्डा.
वास्वा घरी आला त्या दिवशी
अड्ड्यावरचं बोलणं मध्येच तुटलं म्हणे,
आणि तो आत शिरेपर्यंत
कुणाला पुढचं वाक्य सुचलं नाही.
त्याच्या कॉलरीच्या आत मार्करने घातलेला आकडा आहे.
आईने दोनदा धुतला, गेला नाही.
काटोने, त्याच्या जुळ्याने, पाऊण तासाने धाकट्या,
दाढी वाढवली आहे.
का, ते सगळ्यांना कळलंय,
म्हणून कुणी विचारत नाही.

पहिल्या गुरुवारी बोलणं झालं ते एवढंच:
तोंड कोरडं पडतं?
पडतं.
लिंबाची फोड चोखत जा, म्हटलं,
डॉक्टरांना हे सुचत नाही, त्यांचं तोंड ओलं असतं.
तो हसला नाही.
पण मान वळवली.

दुसऱ्या गुरुवारी तो भिंतीकडे बघत बसला.
मीही बसले.
भिंत बरी होती.

तिसऱ्या वेळी म्हणाला, रात्री बाहेरून कडी लावतात.
मलाही लावायचे, म्हटलं. वर्षभर.
मग?
मग एकदा बहीण विसरली.
पहाटेपर्यंत मी त्या लोटलेल्या दाराकडे
बघत राहिले, उठलेच नाही.
हे मी कुणाला सांगितलं नव्हतं.
सांगायला जाते दुसऱ्याचं ऐकायला
आणि माझंच काहीतरी तिथे सांडून येते.

आज अंगणात फणस पडला होता, पिकून, आपसूक,
वास थेट रस्त्यापर्यंत.
आई म्हणाली, शेजारी कापून देईल.
घरात सुरी नाही का, मी विचारलं.
कुणीच कुणाकडे बघितलं नाही.
मग काटो उठला,
कोंबड्यांच्या खुराड्यामागे गेला,
आणि पोत्यात गुंडाळलेली ती आणली,
लांब, पात्यावर गंज चढू लागलेली.

मी घेतली. मला फणस कापता येत नाही,
हे नाटक नव्हतं.
चीक मनगटापर्यंत आला, केसांना लागला,
सुरी मधल्या दांड्यात रुतून बसली.
तसं नाही, वास्वा म्हणाला.
न्याबो, आधी हाताला तेल.

आजारी पडायच्या आधी तो बाजारात फणसच विकायचा,
हे मला तीन गुरुवार कुणी सांगितलं नव्हतं.
त्याचे हात गोळ्यांनी थरथरतात,
पात्यावर टेकल्यावर थरथरले नाहीत.
खरं सांगायचं तर थोडे थरथरले.
तरी गरे अख्खे निघाले,
एकेक, पिवळे, आठळीसकट.
अड्ड्यावरून दोघं बघत होते.
आईने पदराखाली काहीतरी मुठीत धरलं होतं,
कदाचित नुसतीच मूठ.

कापून झाल्यावर त्याने सुरी पुसली,
पातं आपल्याकडे धरलं
आणि मूठ आईकडे केली.
तिने घेतली.
कुठे ठेवू, तिने विचारलं.
मला नाही, त्याला.

रात्री कडी लागेल. मला ठाऊक आहे.
एका फणसाने कड्या निघत नाहीत,
आणि गोळ्या रोज मोजून घ्याव्या लागतात, मलाही,
बहीण अजून फोन करते, घेतलीस का,
आणि मी अजून चिडते.

परतीच्या टॅक्सीत कंडक्टरला पैसे देताना
नाणं बोटाला चिकटलं, सुटेना.
त्याने माझ्या हाताकडे बघितलं, मग तोंडाकडे.
फणस, मी म्हटलं.
तो म्हणाला, तेल लावायचं ना आधी.