कोपर

दिवाळी सरली की जनकगंजात आमची भट्टी पेटते.
तीळ, गूळ, दोन लाकडी हातोडे,
आणि होळीपर्यंत पुरेल इतका दगडी कोळसा.
गजक थंडीचंच. ऊन तापलं की चिवट होतं,
गिऱ्हाईक तोंड फिरवतं.

यंदा पहिल्याच दिवशी धूर वर गेला नाही.
भिंतीजवळ नळकांडं जिथं वळतं
त्या कोपरातून पाझरू लागला,
तोंड मिटून कुणी नाकाने उसासा सोडावा तसा.

बाहेरून सगळं ठीक होतं.
गेल्या माघात मीच मारलेला चंदेरी रंग,
त्यावर पारव्यांची शिंतोडी, एवढंच.
अंगठ्याने दाबून पाहिलं.
अंगठा आत गेला.

मुनव्वर मिस्त्रीने शिडी लावली,
तुकडे उतरवले, अंगणात उपडे केले.
राखाडी-पिवळी पूड पडली, मग पापुद्रे,
मग एक पीस, आणि शेवटी
चाळणीसारखा प्रकाश.

"आग नहीं खाती इसको, भाईसाब," तो म्हणाला,
"आराम खाता है."

कोळशात गंधक असतं.
जळतं तोवर धुराच्या पाठीवर बसून निघून जातं,
थोडं काजळीत मुक्कामाला राहतं.
आपण होळीला कुलूप लावून मोकळे.
आषाढात वरून एक थेंब उतरतो,
काजळी ओली होते, ओलीचं तेजाब होतं,
आणि ते खायला बसतं.
घाई नाही. आवाज नाही.
पत्रा आतून जातो,
रंग शेवटपर्यंत उभा राहतो.

बाबा ओट्यावर बसून ऐकत होते.

बिर्लानगरला गिरणीत बॉयलरवर अठ्ठावीस वर्षं.
गिरणी बंद पडली तेव्हा मी नववीत होतो.
त्यानंतरही ते पाचला उठायचे, दाढी करायचे,
खाकी शर्टाला स्वतः इस्त्री फिरवायचे,
आणि याच खुर्चीत येऊन बसायचे.
आई विचारायची, काय होतंय?
"कुठे काय."
पावसाळे गेले. मी मोजले नाहीत.

आता ते उठले. गुडघ्यावर हात ठेवून,
दोनदा थांबून, अंगणात आले.
बोटाचं पेर वाकवून एकेक तुकडा वाजवला.
टण. "हा दोन वर्षं जाईल."
टण. "हाही."
थप.
काही न बोलता तो बाजूला ठेवला.
मग उरलेला जोड डोळ्याजवळ धरला:
"हे उलटं कुणी बसवलं?
निमुळतं टोक खाली हवं,
म्हणजे घाम आतल्या आत उतरतो.
हा बाहेर गळत होता, तुम्हाला दिसला नाही?"

मीच बसवलं होतं. यूट्यूबवर बघून.
मुनव्वरने आभाळाकडे पाहिलं.

नवं कोपर त्याच दुपारी झालं, जाड पत्र्याचं.
बाबांनी धरलं, त्याने ठोकलं,
दोघांचं कशावरून तरी वाजलं,
कानातलं मशीन काढून बाबा भांडत राहिले.

होळीच्या दुसऱ्या दिवशी भट्टी विझली.
मी कुलूप शोधत होतो.
मागे पाहतो तर त्यांनी नळकांडं
सुटं करून फरशीवर मांडलेलं.
धुण्याचा सोडा, गरम पाणी,
बांबूला बांधलेला नारळाच्या काथ्याचा बोळा.
आतून घासलं, उन्हात वाळवलं,
तिळाच्या तेलाचा हात फिरवला.
("तेल वाया," आई म्हणाली. "मुरलेलं," ते म्हणाले.)
वरच्या तोंडाला तेलाच्या डब्याचं झाकण,
खालचं दार बोटभर उघडं.
"वारा खेळता राहू दे," एवढंच.

संध्याकाळी कोपरापर्यंत काळे हात घेऊन
ते मोरीपाशी उभे होते.
आईने साबण पुढे केला.
"थांब जरा," म्हणाले,
आणि हात तसेच, समोर धरून,
उलटे सुलटे करून पाहत राहिले.